'निपर' म्हणजे नेमकं कोण? ऐकायचं कसं आणि वापरायचा कधी

इंग्लंडात कोणी 'निपर' म्हणालं की लगेच आजूबाजूला पोर शोधू नका. आधी बोलणारा कोण आहे ते बघा. मग तो कोणाकडे बघून बोलतोय ते बघा. अर्थ त्यानंतर लावा. शब्दकोश पहिल्या ओळीत 'लहान मूल' एवढं सांगून मोकळा होतो, पण साउदम्प्टनच्या गोदीत, समोरच्या वाइट बेटावर किंवा हार्डवेअरच्या दुकानात तेवढ्यावर भागत नाही.

मी मूळची मालवणची. साउदम्प्टनच्या शर्ली भागात चाइल्डमाइंडर आहे, म्हणजे लोकांची पोरं स्वतःच्या घरी सांभाळते, ऑफस्टेड या सरकारी तपासणी संस्थेकडे रीतसर नोंदणी करून. सकाळी दाराशी पोर सोडायला येणाऱ्यांत कोणी नर्स असते, कोणी गोदीत क्रेन चालवतो, कोणी युनिव्हर्सिटीत शिकवतं. पोरासाठीचा शब्द प्रत्येकाचा वेगळा. नवीन आलेली मराठी मंडळी त्यातल्या निपरपाशी हमखास अडतात आणि मला विचारतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

पोराबद्दलच बोलत असतील तर

शेजारचे आजोबा कुंपणावरून विचारतात, "हाऊज द निपर?" याचा अर्थ, तुमचं पिल्लू कसं आहे? यात कुत्सित काही नाही. "फाइन, थँक्स, दात येतायत" एवढं उत्तर पुरतं. लांबलचक तब्येतपाणी सांगत बसू नका. त्यांना कुशल हवं असतं, रिपोर्ट नको असतो.

वयाचा अंदाज असा. तान्ह्या बाळाला निपर क्वचित म्हणतात. पोर दुडूदुडू धावायला लागलं, हाताला लागेल ते ओढायला लागलं की ते निपर झालं. नऊ-दहा वर्षांपर्यंत शब्द चालतो. तेरा वर्षांच्या मुलाला त्याच्या मित्रांदेखत निपर म्हटलंत तर तो आठवडाभर तुमच्याशी बोलणार नाही. शब्द मुळात मुलग्यांसाठीचा. आता मुलींनाही म्हणतात, पण जुन्या माणसाच्या तोंडी 'द निपर' आला आणि घरात एक मुलगा, एक मुलगी असेल, तर बहुतेक तो मुलाबद्दलच विचारतोय असं धरा. घरात दोन मुलगे असतील तर धाकट्याबद्दल.

हा शब्द बोलतं कोण, हेही ऐकत जा. माझ्या दाराशी तो बापांच्या आणि आजोबांच्या तोंडून येतो. आया 'लिटल वन' म्हणतात. घरी येऊन बाळाची तब्येत बघणारी हेल्थ व्हिजिटर बाई 'बेबी' नाहीतर थेट नाव घेते. 'द निपर' मधल्या त्या 'द'कडे लक्ष द्या. इथले पुरुष 'माझा मुलगा' म्हणायला थोडे लाजतात, म्हणून 'माय' गाळून 'द' लावतात. बायकोलाही 'द मिसेस'. आपल्याकडे 'आमचे हे' म्हणतात, तसाच हा आडून केलेला लाड.

एखादा म्हातारा "व्हेन आय वॉज अ निपर..." अशी सुरुवात करतो तेव्हा मात्र खुर्ची ओढून बसा. गोष्ट मोठी असते. १९४० च्या नोव्हेंबरअखेर या शहरावर सलग दोन रात्री बॉम्ब पडले तेव्हा निपर असलेली माणसं आता नव्वदीच्या आसपास आहेत. त्यांच्यानंतरच्यांची ठरलेली आठवण म्हणजे १९५३ साली गोळ्या-चॉकलेटांवरचं रेशनिंग उठलं तो दिवस. अशा वेळी शब्दाचा अर्थ विचारून मध्येच तोडू नका.

स्वतः वापरायचा का? माझं मत असं की पहिलं वर्ष फक्त ऐका. मग स्वतःच्या पोराबद्दल वापरून बघा: "आय'व्ह गॉट टू पिक अप द निपर." हे शोभतं. दुसऱ्याच्या पोराला निपर तेव्हाच म्हणा, जेव्हा त्या घरानं तो शब्द तुमच्यासमोर आधी वापरलाय. आणि लिहिताना अजिबात नको. शाळेला ताप आल्याची चिठ्ठी, डॉक्टरचा फॉर्म, पोराचं लसीकरणाचं लाल पुस्तक, कौन्सिलचा अर्ज, सगळीकडे 'चाइल्ड', 'सन', 'डॉटर'. 'किड' बोलण्यात चालतं, अर्जात तेही नको.

साठीच्या माणसाला म्हणाले तर

इथे खरी गंमत आहे, आणि लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी लोकांना ती बहुधा माहीत नसते.

साउदम्प्टनहून ईस्ट काऊजला जाणारी फेरी साधारण तासाभराची. पलीकडे वाइट बेट. माझे थोरले दीर कुडाळहून आले होते, त्यांना घेऊन आम्ही निघालो. दीर तालुक्यातले निवृत्त हेडमास्तर. डोक्यावरचे उरलेले केस पूर्ण पांढरे. फेरीवर दोर ओढणारा गडी, वयानं त्यांच्याहून थोडाच लहान, त्यांना वाट करून देत म्हणाला, "ऑल राइट, निपर?" दिरांना तो शब्द माहीत होता, हेडमास्तरच ते. त्यांनी शर्टाची कॉलर सरळ केली आणि मालवणीत मला विचारलं, "ह्यो माका झील म्हणता काय?" झील म्हणजे मुलगा.

म्हणत नव्हता. वाइट बेटावर आणि साउदम्प्टनच्या जुन्या वस्तीत 'निपर' हे कोणाही बाप्याला मारायची हाक आहे. वयाशी संबंध नाही. आपण 'काय रे गड्या' म्हणतो त्या जागी ती येते. सत्तर वर्षांचा मासेमार सत्तर वर्षांच्या दोस्ताला बिनदिक्कत निपर म्हणतो. पोर्ट्समथकडे आणि इथेही त्याच कामाला 'मुश' असा शब्द आहे, उच्चार 'पुश'सारखा. तो रोमानी लोकांच्या बोलीतून आलेला. मुश ऐकलात तरी घाबरू नका.

उत्तर काय द्यायचं? "ऑल राइट." बस. प्रश्नाला प्रश्नच उत्तर. 'आय ॲम सिक्स्टी फोर' असं सांगू नका. आणि परतफेड म्हणून त्यालाही निपर म्हणायला जाऊ नका; परक्या माणसाच्या तोंडी ही हाक नक्कल वाटते. बायकांना बहुधा कोणी निपर म्हणत नाही. मला इतक्या वर्षांत फेरीवर, बाजारात, बसमध्ये 'लव्ह' किंवा 'माय लव्ह' म्हणतात. त्यातही काही नसतं, तिकीट पुढे करायचं.

कामावर असाल तर चहा तुम्हालाच करायचाय

कुठल्या बांधकामावर, गॅरेजमध्ये किंवा बोटी दुरुस्त करण्याच्या यार्डात नवीन लागला असाल आणि मुकादम म्हणाला, "सेंड द निपर," तर इकडेतिकडे बघू नका. तो निपर तुम्ही आहात. सगळ्यात उशिरा लागलेला, सगळ्यात कमी पगाराचा, दुकानातून खिळे आणणारा.

हा अर्थ आजचा नाही, आणि माझ्या मते या शब्दाची सगळी गुरुकिल्ली इथे आहे. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या रस्त्यांवर हातगाडीवर भाजी-फळं विकणारे कॉस्टरमंगर असत; त्यांच्या गाडीबरोबर धावणारं, ओरडून गिऱ्हाईक बोलावणारं, गाडीवर नजर ठेवणारं पोर म्हणजे निपर. रेल्वेचे मार्ग आणि कालवे खणणाऱ्या मजुरांना 'नॅव्ही' म्हणत, नौदलवाली नॅव्ही वेगळी. त्यांच्या प्रत्येक टोळीत एक निपर असे. चहा उकळायचा, बोथट झालेली हत्यारं लोहाराकडे न्यायची, निरोप पोचवायचे. आपल्या हॉटेलातला पोऱ्या डोळ्यासमोर आणा. पोऱ्या म्हणजे पोरगं आणि पोऱ्या म्हणजे हाताखालचा, दोन्ही एकाच शब्दात. घरातल्या लाडाचा निपर या रस्त्यावरच्या निपरच्या मागून आलाय. म्हणून त्यात थोडी धूळ आहे, थोडा खोडकरपणा आहे, आणि 'लिटल वन'मध्ये असतो तो दुधाचा वास त्यात नाही.

त्याहून मागे गेलात तर निपर चक्क चोर होता. 'निप' म्हणजे चिमटा काढणं, चटकन कापणं किंवा चावणं. सोळाव्या शतकातल्या लंडनमध्ये लोक पैशाची पिशवी कमरेला लटकवून हिंडत, आणि ती पिशवी छोट्या सुरीनं कापणारा तो 'निप' किंवा 'निपर'. नुसत्या हातानं खिसा मारणारा 'फॉइस्ट'. १५८५ मध्ये लंडनचा रेकॉर्डर, म्हणजे शहराचा न्यायाधीश, विल्यम फ्लीटवुड यानं राणी एलिझाबेथचे मंत्री लॉर्ड बर्ली यांना एक पत्र लिहिलं. त्यात बिलिंग्जगेटजवळच्या एका चोरांच्या शाळेचं वर्णन आहे. वॉटन नावाचा माणूस ती चालवायचा, आधी व्यापारी होता, मग दारूचा गुत्ता. त्यानं एक पिशवी आणि एक खिसा टांगून ठेवले होते आणि दोन्हींना भोवती ससाण्याच्या पायातल्या बारीक घंटा बांधल्या होत्या. घंटा न वाजवता पिशवीतून चांदीचं नाणं काढील तो पास. त्याला पदवी मिळे 'जुडिशियल निपर'.

आता याच्याशी जोडून हे बघा. १९६८ मध्ये लंडनच्या ईस्ट एंडचे गुंड क्रे बंधू यांना पकडणारा स्कॉटलंड यार्डचा अधिकारी लेनर्ड रीड. नॉटिंगहॅमचा, तरुणपणी बॉक्सर, अंगापिंडानं लहान. त्याचं टोपणनाव निपर. वर्तमानपत्रांत त्याचं नाव 'निपर रीड' असंच छापत. पुढच्या वर्षी क्रे बंधूंना जन्मठेप झाली. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी ज्या शहरात निपरला चोर म्हणून धरत होते, त्याच शहरात निपरनं चोर धरले. एखाद्या ठेंगण्या, चपळ माणसाचं नाव निपर ऐकलं तर हा अर्थ: अंगानं बारका, कामाला तिखट.

व्हिक्टरीवर जाल तेव्हा

पाहुणे आले की पोर्ट्समथला ट्रफाल्गरच्या लढाईतलं एचएमएस व्हिक्टरी जहाज दाखवायला आपण नेतोच. तिथे निपरची एक गोष्ट ऐकायला मिळते, ती ऐकण्यासारखी आहे. आमचे हे जहाजावर इंजिनिअर होते, त्यामुळे नांगराच्या दोराचा हिशेब ते मला दर वेळी नव्यानं समजावतात.

व्हिक्टरीच्या मोठ्या नांगराचा तागी दोरखंड २४ इंच घेराचा. एवढा जाड दोर नांगर ओढायच्या उभ्या चरखीला, कॅप्स्टनला, गुंडाळताच येत नाही. मग काय करायचे, एक बारीक दोर टोकाला टोक जोडून चरखीभोवती फिरता ठेवायचे; त्याला मेसेंजर म्हणत. जाड दोरखंड त्या फिरत्या दोराला लहान लहान वेठ्यांनी बांधत जायचा, म्हणजे तो बरोबर ओढला जाई. या वेठ्यांना निपर म्हणत. जहाजावरची पोरं वेठीचं टोक धरून दोराबरोबर चालत येत, दोरखंड खाली कोठारात उतरायच्या जागी वेठी सोडत आणि परत पुढे पळत, पुढची बांधायला. चिखलानं माखलेला ओला दोर, अंधारा डेक, आणि या टोकाकडून त्या टोकाकडे पळणारी पोरं.

या पोरांवरूनच मुलांना निपर म्हणू लागले, असं पुष्कळ जण छातीठोक सांगतात. पाहुण्यांना जरूर सांगा, मजा येते. पण पैज लावू नका. दोर बांधायचा निपर वेगळा आणि हातगाडीमागचा निपर वेगळा, दोघंही त्याच 'निप'मधून स्वतंत्र निघाले असावेत असा माझा कल आहे. पकडून ठेवणं दोराचं काम, उचलून पळणं पोराचं.

दुकानात, बाजारात, तबेल्यात

अनेकवचन झालं की सावध. 'अ पेअर ऑफ निपर्स' म्हणजे अवजार. टाइल तोडायची पक्कड, तार कापायची पक्कड, जाड नखं कापायचा कटर, सगळे निपर्स. जुळ्यांच्या बापानं असं म्हटलं तर मात्र विनोद आहे, हसा.

बोटीवरून थेट खेकडे विकणारा "माइंड द निपर्स" म्हणाला तर त्याच्या पायात घुटमळणाऱ्या पोरांकडे बघू नका, हात मागे घ्या. खेकड्याचे डेंगे म्हणजेही निपर्स. मालवणच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण पुण्याहून आलेल्या एकीनं कुर्ली पाठीमागून धरायच्या ऐवजी पुढून उचलली होती.

आमच्या शेजारीच न्यू फॉरेस्ट आहे, तिथे रानात मोकळी तट्टं हिंडतात. घोड्याच्या पुढच्या दातांना निपर्स म्हणतात, आणि नालबंद ज्या दांडपकडीनं खूर कापतो तीही निपर्स. तट्टांना खाऊ घालायला तिथे बंदी आहेच. का आहे ते दातांच्या नावावरून ओळखा.

'निप' एकटा आला तर तो किती निरुपद्रवी आहे तेही शिकून घ्या. "आय'म जस्ट निपिंग आउट" म्हणजे चटकन जाऊन येतो. "इट्स निपी" म्हणजे हवा बोचरी आहे. 'अ निप ऑफ व्हिस्की' म्हणजे घोटभर. लायन्स कंपनीच्या चहाच्या दुकानांतल्या चटपटीत वेट्रेसना १९२० च्या दशकात 'निपी' नाव पडलं होतं, ते अजून काही आज्यांच्या तोंडी येतं.

एक मात्र कायमचं लक्षात ठेवा. माणसाला उद्देशून 'निप' असं तोडून कधी म्हणू नका. जपानी लोकांसाठीची ती शिवी आहे, निप्पॉनवरून आलेली आणि दुसऱ्या महायुद्धात पसरलेली. निपरशी तिचा काही संबंध नाही, पण ऐकणारा संबंध तपासत बसत नाही.

ज्या निपरला तुम्ही आधीच ओळखता

आमच्या आजोबांच्या फोनोच्या तबकड्यांवर कर्ण्यात कान घालून बसलेला कुत्रा होता. तुमच्याही घरी असेल. एचएमव्हीची तबकडी नसलेलं गाणंवेडं मराठी घर सापडायचं नाही. त्या कुत्र्याचं नाव निपर. १८८४ मध्ये ब्रिस्टलला जन्मला. घरी येणाऱ्यांच्या पोटऱ्यांना चावे घ्यायचा म्हणून हे नाव पडलं, म्हणजे इथे अर्थ पोराचा कमी आणि चावऱ्याचा जास्त. मालक मार्क बॅरॉड वारल्यावर तो त्यांच्या भावाकडे, फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराकडे राहिला. कुत्रा मेला १८९५ मध्ये, आणि चित्र झालं त्याच्यानंतर. मूळ चित्रात सिलिंडरवाला फोनोग्राफ होता. ग्रामोफोन कंपनीनं १८९९ मध्ये अट घातली की आमचं यंत्र रंगवा, बॅरॉडनी जुन्यावर नवं रंगवलं, आणि चित्राचे पन्नास व हक्कांचे पन्नास असे १०० पौंड घेतले. पुढे तोच कुत्रा कंपनीच्या दमदमच्या कारखान्यातून निघालेल्या तबकड्यांवर बसून आपल्या गावागावांत पोचला.

लंडनजवळ किंग्स्टन अपॉन टेम्सला त्याला पुरलं. आता त्या जागी बँक आहे. पाटी आहे, बघायची असेल तर बँकेच्या वेळात जा. शेजारच्या एका बोळाला निपर ॲली नाव दिलंय.

उत्तरेला गेलात, किंवा ऑस्ट्रेलियाला

न्यूकॅसल आणि स्कॉटलंडच्या बाजूला निपर शोधू नका, तिथे 'बेर्न'. ग्लासगोत 'वेन', उच्चार 'रेन'सारखा. 'स्प्रॉग' सगळीकडे ऐकाल. तोही पोरासाठीच, पण त्यात किंचित चिडचिड असते, आणि हवाई दलात स्प्रॉग म्हणजे नवशिका. स्वतःच्या रडक्या पोराला स्प्रॉग म्हणा, बॉसच्या पोराला नको.

ऑस्ट्रेलियात 'निपर्स' ऐकलात तर तो उन्हाळ्यात रविवारी सकाळी समुद्रावर चालणारा जीवरक्षकांचा बालवर्ग असतो. पाच वर्षांपासून तेरा-चौदापर्यंतची मुलं, डोक्याला हनुवटीखाली बांधलेली रंगीत टोपी, अंगात भडक गुलाबी बनियन, हातात फळी. सिडनीला माझी मावसबहीण आहे, तिची दोन्ही पोरं जातात. पोराला घालायचं असेल तर ऑक्टोबरच्या आधी जवळच्या सर्फ क्लबमध्ये नाव द्या. सुरुवातीला वयाप्रमाणे पोहण्याची चाचणी घेतात, ती झाल्याशिवाय पाण्यातल्या शर्यतींत उतरवत नाहीत, तेव्हा तलावात सराव आधीच करून घ्या. आणि आईबापांनी नुसतं छत्रीखाली बसायचं नसतं, क्लब कामाला जुंपतात. माझ्या बहिणीला सॉसेज भाजायला उभं केलं, ती शाकाहारी आहे.